वाहनाच्या रेडिओ अँटेनाचे गंजरोधन

वाहनावर बसवलेल्या रेडिओ अँटेनाची दांडी, बैठक, नट-बोल्ट, वॉशर, स्प्रिंग आणि केबलचे कनेक्टर गंजू नयेत, आणि गंज आलाच तर तो विद्युत् जोडापर्यंत पोहोचू नये, यासाठी करायची धातूची निवड, जोडणी व देखभाल. बोलण्यात अँटेनाला एरियल असेही म्हणतात.

गाडीचा पत्रा गंजापासून वाचवायचा तर त्यावर रंगाचा थर देऊन हवा-पाणी अडवले की काम भागते. अँटेनाला हा सरळ उपाय पुरत नाही. बैठकीचा धातू आणि गाडीचा पत्रा यांचा उघडा, घट्ट संपर्क असावा लागतो, कारण उभ्या दांडीच्या अँटेनाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे गाडीचा पत्राच असतो. मध्ये रंग ठेवला तर गंज थांबतो पण अर्थिंग जाते. रंग खरवडला तर अर्थिंग मिळते आणि गंजालाही वाट मिळते. म्हणून आच्छादन संपर्काच्या मध्ये न येता त्याच्या भोवती कसे येईल, हे या कामातले खरे कौशल्य आहे.

रेडिओ मोटारीत आला तेव्हा हा प्रश्न नव्हता. १९३० च्या सुमारास बंद मोटारींच्या टपाचा मधला भाग बहुधा लाकडी चौकट आणि कापडाचा असे. अस्तरात तारेची जाळी दडवली की अँटेना तयार होई. जनरल मोटर्सने १९३५ च्या मोटारींना अखंड पोलादी टप दिला, इतर कारखानदारही त्याच मार्गाने गेले आणि ही जाळी निकामी झाली. मग काही काळ अँटेना पायरीच्या फळीखाली टांगला गेला. चिखल आणि पाणी खायला याहून वाईट जागा शोधूनही सापडली नसती. पुढे उभी दांडी मडगार्डवर, नंतर टपावर आली आणि गंजाची लढाई तिथे सुरू झाली.

गंज कुठून येतो : लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी एकत्र आले की सजल आयर्न ऑक्साइड, म्हणजे गंज, तयार होतो. मूळ लोखंडापेक्षा तो कितीतरी जास्त जागा व्यापतो. आट्यांमध्ये गंज शिरला की नट पान्ह्याला दाद देत नाही, त्याचे कारण हेच. मीठ या क्रियेला वेग देते. समुद्री वाऱ्यातून किंवा बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेल्या क्षारांतून ते अँटेनावर बसते. साधे मीठ हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्के झाली की ओलसर होते. बर्फासाठी वापरले जाणारे मॅग्नेशियम क्लोराइड मात्र ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढू लागते. त्यामुळे हवा कोरडी वाटत असतानाही बैठकीखाली ओल टिकून राहते.

दुसरे कारण विजोड धातूंचे. पोलादी पत्रा, जस्ताचा मुलामा दिलेला वॉशर, पितळी स्टड, ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट आणि स्टेनलेस स्टीलची दांडी हे सगळे हाताच्या तळव्याएवढ्या जागेत एकमेकांना चिकटून असतात. त्यावर खारट पाणी पडले की छोटा विद्युत् घटच तयार होतो आणि त्यातला अधिक क्रियाशील धातू झिजतो. इथे क्षेत्रफळाचे गणित निर्णायक ठरते. मोठ्या स्टेनलेस ब्रॅकेटखाली जस्ताचा छोटा वॉशर असेल तर तो बघता बघता संपतो. उलट ॲल्युमिनियमच्या मोठ्या ब्रॅकेटमध्ये स्टेनलेसचा बारीक स्क्रू असेल तर नुकसान मोठ्या क्षेत्रावर पसरते आणि त्यामानाने सोसते. छोटा भाग झिजणारा नसावा, एवढे ध्यानात ठेवले तरी खरेदीतल्या बऱ्याच चुका टळतात.

ग्रहणावर परिणाम : दांडीवरचा तपकिरी डाग डोळ्यांना खुपतो, पण रेडिओला फारसा नाही. उच्च कंप्रतेचा प्रवाह वाहकाच्या पृष्ठालगत वाहतो; १०० मेगॅहर्ट्झला तांब्यात त्याची खोली ७ मायक्रोमीटरहूनही कमी असते. गंज वाहक नसल्याने प्रवाह त्याच्या खालच्या धातूतून वाट काढतो आणि थोडेफार डाग असले तरी एफएम ऐकू येत राहते. बिघाड होतो तो जोडात. केबलच्या बाहेरच्या जाळीचा गाडीच्या पत्र्याशी संबंध तुटला की इंजिनाचा गोंगाट रेडिओत शिरतो. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी ऐकू येऊ लागली तर आवाजाच्या पेटीला दोष देण्याआधी बैठकीखालचा पत्रा पाहावा. मध्यम लहरींना आणखी एक दुखणे असते. १ मेगॅहर्ट्झला तरंगलांबी ३०० मीटर असते. तिच्यापुढे मीटरभराची दांडी अगदीच तोकडी पडते. तिने पकडलेला संकेत इतका नाजूक असतो की बुडाशी असलेल्या प्लॅस्टिकच्या विसंवाहकावर ओल्या मिठाचा थर बसला, तरी तो त्यातून गळून जातो. पाऊस पडताना मध्यम लहरी मंदावतात आणि एफएमला काही होत नाही, याचे कारण बहुधा इथे सापडते.

ज्या वाहनांवर प्रक्षेपकही असतो (हौशी रेडिओ, पोलीस किंवा टॅक्सीचे संच), तिथे गंजलेला जोड डायोडसारखा, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागासारखा, वागू लागतो आणि मूळ कंप्रतांच्या मिश्रणातून नको ते नवे संकेत निर्माण करतो. याला गंजक्या बोल्टचा परिणाम म्हणतात. ऑक्साइडच्या थराचा हा गुण लोकांनी कामालाही लावला आहे: १९४४ मध्ये इटलीतील अँझिओच्या आघाडीवर सैनिकांनी दाढीचे निळसर पाते आणि पेन्सिलीचे शिसे यांच्या स्पर्शातून शोधक (रेडिओ संकेतातून आवाज वेगळा काढणारा भाग) बनवून बॅटरीविना रेडिओ ऐकला होता.

धातूंची निवड : हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये शेफील्डला ज्या क्रोमियमयुक्त पोलादाची ओतणी केली, त्या कुळातले स्टेनलेस स्टील आज दांडीसाठी सर्रास वापरले जाते. किमान १०.५ टक्के क्रोमियममुळे त्याच्या पृष्ठावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइड थर बनतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. पण क्लोराइड या थराला भोके पाडते. शिवाय वॉशरखालच्या फटीत ऑक्सिजन पोहोचत नाही, म्हणून तिथे तो पुन्हा भरून येत नाही. स्टेनलेस गंजत नाही ही समजूत म्हणूनच अर्धवट आहे. किनाऱ्यालगत नट-बोल्टांसाठी ३०४ क्रमांकाच्या स्टेनलेसपेक्षा मॉलिब्डेनम असलेले ३१६ क्रमांकाचे बरे. क्रोमचा मुलामा दिसायला चकचकीत असला तरी तो मायक्रोमीटरभरही जाड नसतो. खरे रक्षण त्याखालच्या निकेलचे. मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून गंजाचे ठिपके डोकावू लागले, की आतला धातू साधे पोलाद आहे असे समजावे. बैठकीचा गाभा पितळेचा असेल तर तो लाल गंज धरत नाही, फार तर हिरवट कळंक धरतो.

बसवताना : निम्मा गंज पहिल्याच दिवशी पेरला जातो. पत्र्याला भोक पाडल्यावर लोखंडाचा कीस रंगावर पडून राहिला तर एका रात्रीत त्याचे तांबडे डाग उठतात. तो फुंकून न उडवता चिकट टेपने उचलावा. भोकाची कड कानशीने साफ करून तिला जस्तयुक्त प्राइमर द्यावा. संपर्काची जागा फक्त आतल्या, म्हणजे टपाच्या खालच्या बाजूला खरवडावी आणि तीही बैठकीचे दात टेकतात तेवढीच. बाहेरचा रंग शाबूत राहिला पाहिजे, त्याच्यावरच रबरी रिंग बसून पाणी अडवते. नट आवळून झाल्यावर उघडा राहिलेला पत्रा पुन्हा रंगवून टाकावा. आधी आवळायचे, मग रंगवायचे, हा क्रम उलटा झाला की अर्थिंग गेलेच.

सीलंट घेताना वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडते आणि तांबे-पितळेला खाते. इथे न्यूट्रल क्युअर, म्हणजे सुकताना असे ॲसिड न सोडणाऱ्या, प्रकारचेच वापरावे.

ग्रीसबद्दलचा गोंधळ जुना आहे. डायइलेक्ट्रिक ग्रीस, म्हणजे सिलिकॉन ग्रीस, वीज वाहत नाही. ते संपर्क सुधारण्यासाठी लावत नाहीत, पाणी बाहेर ठेवण्यासाठी लावतात. घट्ट आवळलेल्या जोडात धातूची टोके पातळ ग्रीस बाजूला सारून एकमेकांना भिडतात आणि उरलेल्या फटी ग्रीसने भरून जातात. मुळात हवा तो परिणाम हाच. सैल जोडाला मात्र कोणतेही ग्रीस तारू शकत नाही. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट आवळताना आटे एकमेकांत रुतून बसतात, तिथे निकेलयुक्त अँटी-सीझ, म्हणजे आटे रुतू न देणारा लेप, लावावे. तांब्याची भुकटी असलेले अँटी-सीझ ॲल्युमिनियमवर लावू नये. झिजवणारी जोडी आपणच तयार केल्यासारखे होते. पेट्रोलियम ग्रीसने ईपीडीएम नावाचे कृत्रिम रबर फुगते, त्यामुळे रबरी रिंगांना सिलिकॉन ग्रीसच योग्य.

कनेक्टर बाहेर असेल तर त्यावर स्वतःच एकजीव होणारी रबरी टेप ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवत खालून वर गुंडाळतात. कौलांसारखी वरची कड खालच्या कडेवर येते आणि पाणी ओघळून जाते. वर उन्हापासून संरक्षणासाठी साधी विनाइल टेप. केबलला आत शिरण्यापूर्वी खाली झोळ ठेवला तर थेंब तिथूनच गळून पडतो.

देखभाल : गोड्या पाण्याने बुडखा धुणे आणि वर्षातून एकदा दांडी काढून आटे पुसणे, यात बरेचसे येते. मोटरने वरखाली होणाऱ्या दांडीला हलक्या तेलाचा पुसट हात द्यावा; जाड ग्रीस धूळ धरते आणि तीच धूळ आत ओढली जाते. अशा अँटेनाच्या तळाशी पाणी जाण्याची नळी असते. ती तुंबली की मोटर पाण्यात बसते, म्हणून दांडीपेक्षा या नळीकडे जास्त लक्ष हवे. चुंबकी बैठक अधूनमधून उचलून खालची वाळू पुसावी, नाहीतर रंग घासला जातो आणि टपावर गंजाचे कडे उमटते. तिचे अर्थिंग रंगाच्या थरातून धारित्राने, म्हणजे कपॅसिटरप्रमाणे होते. त्यामुळे खाली पातळ प्लॅस्टिकची फिल्म घातली तरी चालते. माशाच्या कल्ल्याच्या आकाराच्या अँटेनात धातू झाकलेला असतो. तिथे पाहायची ती रबरी गादी. ती कडक झाली की पाणी थेट टपाच्या अस्तरात उतरते.

गंज काढताना स्टेनलेसवर लोखंडी तारांचा ब्रश किंवा लोखंडी लोकर वापरू नये. त्यांचे कण पृष्ठात रुततात आणि नवा गंज तिथूनच सुरू होतो. नायलॉनची घासणी आणि सायट्रिक ॲसिडचे द्रावण पुरते. हायड्रोक्लोरिक ॲसिड असलेले क्लीनर तर दूरच ठेवावेत, त्यातले क्लोराइड उरलासुरला थरही उखडते. साध्या पोलादावर फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिडचे गंज-परिवर्तक चालते, पण त्याने बनणारा थर वीज वाहत नाही. संपर्काच्या जागी ते लावू नये. गाडीला जोडायचे विजेवर चालणारे गंजरोधक यंत्र इथे उपयोगी नाही. जहाजाच्या तळाला समुद्राचे अखंड पाणी लाभते म्हणून तसे रक्षण तिथे चालते. हवेतल्या अँटेनाला तसा सलग द्राव मिळत नाही.

जोड शाबूत आहे की नाही ते मल्टिमीटरने कळते. केबल रेडिओपासून सोडवून तिची बाहेरची जाळी आणि गाडीचा पत्रा यांच्यातला रोध मोजावा. तो १ ओमच्या खाली असावा. दांडीचे टोक आणि केबलची मधली तार यांच्यात जवळजवळ शून्य, तर मधली तार आणि जाळी यांच्यात काहीच वहन नसावे. बुडाशी जुळणीचे वेटोळे असलेल्या काही अँटेनांत हे शेवटचे माप शून्य रोध दाखवते. तो दोष नव्हे. प्रवर्धक असलेल्या अँटेनाला मात्र ही परीक्षा लागू पडत नाही. अशा अँटेनांपैकी अनेकांत त्याच केबलमधून १२ व्होल्टचा पुरवठा जातो, त्यामुळे कनेक्टरमध्ये ओल शिरली तर झीज कितीतरी वेगाने होते. केबलची जाळी काळी पडलेली दिसली तर पाणी तंतूंमधून आत चढलेले असते. ते पुसून निघत नाही, तुकडा कापून पुढे स्वच्छ तांबे सापडेपर्यंत जावे लागते, आणि तसे ते सापडले नाही तर केबल बदलावी लागते.