पुढचं आयटी सर्टिफिकेशन कुठलं करावं? पात्रता, कागदपत्रं आणि नोंदणी

कॉलेजची लॅब, इस्पितळाचा सर्व्हर, सहकारी बँकेची शाखा, लोटे-परशुरामचा कारखाना. रत्नागिरी-सिंधुदुर्गात राहून अशा ठिकाणी कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळणारी मुलंमुली दोन-तीन वर्षांनी एकच प्रश्न विचारतात: आता पुढचं सर्टिफिकेशन कुठलं? माझं मत स्पष्ट आहे. आज जे काम तुमच्या हातात आहे, पण अडलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला फोन करावा लागतो, त्याच कामाची परीक्षा द्या. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो आणि उत्तर अनुभवातून देता येतं.

स्विच, राउटर, केबलिंग रोजचं असेल तर सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा, सीसीएनए. परीक्षा क्रमांक २००-३०१, वेळ १२० मिनिटं, शुल्क ३०० डॉलर आणि वर कर. लिनक्स सर्व्हर हाताळत असाल तर रेड हॅट कंपनीची लिनक्सची परीक्षा, आरएचसीएसए. तिथे पर्याय निवडायचे नसतात, चालू मशीनवर काम करून दाखवावं लागतं, म्हणून नोकरी देणारे तिला मान देतात. ऑफिसचं सगळं मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, म्हणजे अ‍ॅझ्युरवर, असेल तर ते सांभाळण्याची परीक्षा एझेड-१०४. क्लाउडकडे (इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे सर्व्हर) नव्याने वळणाऱ्यांसाठी एडब्ल्यूएसची, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची, क्लाउड प्रॅक्टिशनर १०० डॉलरची आहे, पण नेटवर्कची समज असेल तर थेट १५० डॉलरची सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट द्यावी. कॉम्पटिया संस्थेची संगणक-दुरुस्तीची ए प्लस निवडणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावं की तिचे दोन पेपर असतात आणि दोन्हींचं शुल्क वेगळं भरावं लागतं. एमएस-सीआयटी ही संगणक साक्षरतेची परीक्षा. सरकारी नोकरीच्या अर्जाला ती बऱ्याचदा लागते, पण आयटीतल्या बढतीसाठी तिचा आधार पुरत नाही.

पात्रता

वरच्या बहुतेक परीक्षांना पदवीची किंवा टक्केवारीची अट नाही. आयटीआय झालेला मुलगाही सीसीएनए देऊ शकतो. कॉम्पटियाच्या सिक्युरिटी प्लस या सुरक्षेच्या परीक्षेसाठी दोन वर्षांचा अनुभव सुचवलेला आहे, सक्तीचा नाही.

खरी अट येते ती वरच्या पातळीवर. सीआयएसएसपी या माहिती-सुरक्षेच्या सर्टिफिकेशनसाठी सुरक्षेच्या आठ विषयक्षेत्रांपैकी किमान दोन क्षेत्रांत मिळून पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. योग्य पदवी किंवा मान्यताप्राप्त सर्टिफिकेट असेल तर एक वर्ष माफ होतं. अनुभव कमी असला तरी परीक्षा देता येते. पास झाल्यावर ‘असोसिएट’ म्हणून नोंद होते आणि अनुभव पूर्ण करायला सहा वर्षं मिळतात.

इथे आपल्याकडची माणसं अडकतात ती कागदावर. छोट्या संस्थांत नेमणूकपत्रच नसतं, पगार रोखीत होतो, हुद्दा ‘ऑपरेटर’ आणि काम मात्र फायरवॉलपासून बॅकअपपर्यंत सगळं. म्हणून नोकरीत असतानाच लेटरहेडवर पत्र मागून ठेवा: रुजू तारीख, हुद्दा, प्रत्यक्ष कामाचं वर्णन, सही, शिक्का. मालक बदलला किंवा संस्था बंद पडली की हे पत्र मिळवणं फार कठीण होतं.

कागदपत्रं

परीक्षेला मुख्य कागद एकच, ओळखपत्र. पण त्यावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी येतं, पॅनवर शेवटी. लग्न झालेल्या मुलींच्या आधार कार्डावर सासरचं नाव आणि पॅनवर माहेरचं असतं. जे ओळखपत्र घेऊन बसणार, ते समोर ठेवूनच प्रोफाइल भरा. फोटो आणि सही दोन्ही असलेला पासपोर्ट सगळ्यांत निर्धोक. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो घेऊन जाऊ नका, मूळ प्रतच हवी. काही परीक्षांना केंद्रावर दुसरं ओळखपत्रही मागतात, म्हणून सहीचं आणखी एक कार्ड खिशात असू द्या.

नोंदणी

आधी त्या कंपनीच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं. सिस्को, कॉम्पटिया, मायक्रोसॉफ्ट, एडब्ल्यूएस यांच्या परीक्षा पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीमार्फत, केंद्रावर किंवा घरून, होतात. पैसे डॉलरमध्ये भरायचे असतील तर बँकेच्या ॲपमध्ये कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का ते बघा. नव्या कार्डावर ते बंदच असतात.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांसाठी एक सोय फार उपयोगाची आहे. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना एडब्ल्यूएस परीक्षेत ३० मिनिटं जादा देते. मात्र ती आपल्या खात्यातून, तारीख घेण्याआधी मागावी लागते. इतकी माणसं वेळ अपुरा पडला म्हणून हळहळतात आणि ही सवलत कुणी त्यांना सांगितलेलीच नसते.

घरून परीक्षा द्यायची तर टेबल रिकामं, खोली बंद, खोलीच्या चारही बाजूंचे फोटो, कॅमेरा सतत सुरू. मध्येच कुणी आत आलं तर परीक्षा रद्द होऊ शकते. गणपतीत घर माणसांनी भरलेलं असताना तारीख घेऊ नका. जून ते सप्टेंबरमध्ये लाईट आणि नेट दोन्ही दगा देतात; इन्व्हर्टर नसेल तर मुंबई-पुण्याचं केंद्र बरं. सीआयएसएसपी तर केंद्रावरच द्यावी लागते. तुतारी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी दादरला उतरून त्याच दिवशी पेपर, हा बेत पावसाळी वेळापत्रकात आखू नका. आदल्या दिवशीच पोचा.

नापास झालात तर सीसीएनएला पाच दिवस, एडब्ल्यूएसला १४ दिवस थांबून पुन्हा शुल्क भरावं लागतं. ‘डम्प’ म्हणून विकले जाणारे फुटलेले प्रश्न घेऊ नका. पकडलं गेल्यास मिळालेलं सर्टिफिकेटही काढून घेतात.

सीसीएनए, एडब्ल्यूएस आणि आरएचसीएसए तीन वर्षं चालतात. एझेड-१०४ वर्षभरच चालतं, पण मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत त्याचं नूतनीकरण ऑनलाइन आणि मोफत होतं. ती तारीख गेली की पूर्ण शुल्क भरून पुन्हा परीक्षा.