बाल्फोरच्या पत्रापासून मान्यतेपर्यंत

ब्रिटनने 21 सप्टेंबर 2025 रोजी पॅलेस्टाईनला देश म्हणून मान्यता दिली. भारताने ती 1988 मध्येच दिली होती. मात्र तिथे राज्य करून गेलेल्या देशाचा उशीर वेगळाच.

2 नोव्हेंबर 1917 रोजी परराष्ट्रमंत्री आर्थर बाल्फोर यांनी ब्रिटनमधले ज्यू नेते लॉर्ड रॉथ्सचाइल्ड यांना लिहिलेल्या पत्रात पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या ‘राष्ट्रीय गृहा’ला पाठिंबा दिला. तिथे बहुसंख्य असलेल्या अरबांचा उल्लेख ‘बिगर-ज्यू समुदाय’ एवढाच. त्यांचे नागरी आणि धार्मिक हक्क जपायचे होते. राजकीय हक्कांविषयी पत्रात चकार शब्द नाही. राष्ट्रसंघाने 1922 मध्ये मंजूर केलेल्या मँडेटमध्ये, म्हणजे ब्रिटनला पॅलेस्टाईनचा कारभार सोपवणाऱ्या दस्तऐवजात, हेच आश्वासन आले. त्याच्या कलम 4 ने ज्यू एजन्सी या ज्यूंच्या प्रतिनिधी संस्थेला सरकारदरबारी स्थान दिले, अरबांच्या अशा संस्थेची तरतूदच नव्हती.

पुढचा सगळा गुंता इथलाच. 1936 मध्ये अरबांचे बंड पेटले, त्यांच्या नेत्यांची अरब उच्च समिती उभी राहिली. पुढच्याच वर्षी ब्रिटिशांनी ती बेकायदा ठरवून तिच्या काही नेत्यांना सेशेल्स बेटांवर धाडले. मग 1939 मध्ये लंडनला परिषद भरवायची म्हटल्यावर त्यांचीच सुटका करावी लागली! परिषद फसली. त्यानंतरच्या श्वेतपत्रिकेने ज्यू स्थलांतराला पाच वर्षांसाठी 75,000 ची मर्यादा घातली आणि दहा वर्षांत स्वतंत्र राज्याचे आश्वासन दिले. ज्यू संतापले, अरब उच्च समितीनेही ती नाकारली.

मे 1948 मध्ये ब्रिटिश निघून गेले. 1950 मध्ये त्यांनी वेस्ट बँकवरचा जॉर्डनचा ताबा मान्य केला. मग पॅलेस्टिनी लोक ब्रिटिश राजनयात बराच काळ केवळ निर्वासित म्हणून उरले. 1980 च्या व्हेनिस जाहीरनाम्यात युरोपीय समुदायाने, त्यात ब्रिटनही आले, शांतता वाटाघाटींशी पीएलओला (पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेला) जोडून घ्यावे असे म्हटले. इस्रायल आणि पीएलओ यांच्यातल्या ऑस्लो करारानंतर, डिसेंबर 1993 मध्ये, पीएलओचे नेते यासर अराफात लंडनला गेले. पण मान्यता नाहीच. 2011 मध्ये परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी सांगितले की ती कधी द्यायची हे आम्ही ठरवू. 2014 मध्ये कॉमन्स सभागृहाने 274 विरुद्ध 12 मतांनी मान्यतेच्या बाजूने कौल दिला, पण तो सरकारवर बंधनकारक नव्हता.

मान्यतेचा तो क्षण अखेर पंतप्रधान केअर स्टार्मर यांनी निवडला, तोही गाझातल्या युद्धाला दोन वर्षे होत आली तेव्हा. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियानेही त्याच दिवशी मान्यता जाहीर केली.