तिपेडी वेणी आणि सैल सांधे

परवा बहिणीकडे गेलो होतो. दोन वर्षांची भाची चटईवर पालथी पडली होती आणि तिला उठून बसायचं होतं. बाकीची मुलं अशा वेळी कुशीवर वळतात, कोपरावर भार घेतात. हिने दोन्ही पाय दोन बाजूंना फाकवले, पार एका रेषेत, आणि हातांनी जमीन रेटत मागे सरकून थेट बसली. शेजारच्या आजी म्हणाल्या, "अगं बाई, केवढी लवचिक! योगासनांत पहिला नंबर काढणार हो ही." बहीण हसली. तिच्या लेकीला डाउन सिंड्रोम आहे. लेकीचं कौतुक क्वचितच कानावर येतं, म्हणून मीही काही बोललो नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

योगासनं करणाऱ्याचा पाय जिथवर जातो, तिथून तो त्याला स्वतःच्या ताकदीने परत आणता येतो. हिचा पाय तिथवर जातो तो केवळ अडवणारं कुणी नाही म्हणून.

सांध्याला दोघे धरून ठेवतात. एक म्हणजे स्नायू. आपण निवांत बसलो तरी स्नायू पुरते ढिले नसतात; मज्जासंस्था त्यांना जरासं ताणून ठेवते, जुळवलेल्या तानपुऱ्याच्या तारांसारखं. डाउन सिंड्रोममध्ये ही तार उतरलेली असते. म्हणूनच अशा बाळाला काखेत धरून उचललं की ते हातातून निसटतंय असं वाटतं. एक हात बुडाखाली हवाच. दुसरे म्हणजे अस्थिबंध, हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट पट्ट्या. त्याही सैल. "हाडं मऊ आहेत, कॅल्शियम द्या" हा सल्ला बहिणीला दहा जणांनी दिला असेल, पण या सैलपणात हाडांचा दोष नाही.

मग पट्ट्या सैल का? इथे जरा धीर धरा, कारण यातली ही गोष्ट मला सगळ्यात आवडते.

अस्थिबंध मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचे बनतात. त्याची रचना उलगडली ती मद्रासमध्ये, जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी, १९५४ साली. तिपेडी वेणी डोळ्यांसमोर आणा. फक्त इथे पेड गुंफलेले नसून एकमेकांभोवती पिळलेले असतात. पेड म्हणजे अमिनो आम्लांची, प्रथिनाच्या लहान घटकांची, साखळी. प्रत्येक पेडात दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसीन असतं, कारण पिळाच्या मध्यभागी जागा इतकी चिंचोळी, की सगळ्यांत लहान अमिनो आम्लच तिथे मावतं.

कोलॅजेनचे २८ प्रकार आहेत. पहिला प्रकार म्हणजे जाडजूड दोर. आपल्याला हवा आहे तो सहावा. हा नाजूक असतो, पेशींभोवती जाळं विणतो आणि पेशींना आजूबाजूच्या दोरांशी जोडून ठेवतो. त्याच्या पहिल्या दोन पेडांची जनुकं, म्हणजे ते पेड बनवण्याच्या लिहून ठेवलेल्या कृती, २१व्या गुणसूत्रावर आहेत आणि तिसऱ्याचं दुसऱ्या गुणसूत्रावर. डाउन सिंड्रोममध्ये २१वं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतात. म्हणजे पहिल्या दोन पेडांच्या कृती तीन-तीन आणि तिसऱ्याच्या मात्र दोनच. वेणी तर तिन्ही पेडांची घालायची! त्यात ही वेणी पेशीच्या आतच वळली जाते, दोन वेण्या उलटसुलट जुळतात, तशा दोन जोड्या मिळून चौकडी होते आणि मग ती बाहेर पडून टोकाला टोक लावत मण्यांच्या माळेसारखी लांबते. सुरुवातीला प्रमाण बिघडलं तर ते पुढे जाळ्यापर्यंत पोचू शकतं. सैल सांध्यांसाठी शास्त्रज्ञांचा मोठा संशय याच जनुकांवर आहे. हीच जनुकं बिघडल्यामुळे होणाऱ्या स्नायूंच्या एका वेगळ्या आजारात बोटांचे सांधे विलक्षण सैल असतात, हेही त्या संशयाला बळ देतं.

सैलपणाची खरी काळजी मानेत. जात्याचा वरचा दगड मधल्या खिळीभोवती फिरतो, तसा मानेचा पहिला मणका दुसऱ्याच्या खुंटीभोवती फिरतो. खुंटीला जागेवर ठेवणारी अस्थिबंधाची पट्टी तिच्या मागून जाते आणि पट्टीच्या लगेच मागे असतो मज्जारज्जू. डाउन सिंड्रोम असलेल्या साधारण १० ते २० टक्के मुलांच्या एक्स-रेत इथे फट जास्त दिसते. त्रास मात्र १-२ टक्क्यांनाच होतो. तीन वर्षांच्या आत हाडं पुरती भरलेली नसल्याने एक्स-रेवर भिस्त ठेवता येत नाही. लक्ष ठेवायचं ते मुलावर: मान दुखणं किंवा वाकडी धरणं, चाल बिघडणं, हातातली पकड जाणं, सुटलेली शी-शू पुन्हा कपड्यात होऊ लागणं. असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कोलांट्या आणि ट्रॅम्पोलिन नकोत. भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा. आणि मालिश करणाऱ्या बाईंना मान वळवायला, बाळाला पायाला धरून उलटं करायला साफ मनाई करा.

ग्रहणात हिने विळी हातात धरली असेल, असंही माझ्या बहिणीला ऐकवलं गेलं. संताप येतो. जादा गुणसूत्र बहुतेक वेळा स्त्रीबीजातून येतं, आणि त्या बीजाचं विभाजन सुरू होतं ती स्त्री स्वतः आपल्या आईच्या पोटात असताना. चूक होते ती बहुतेकदा गर्भ राहण्याआधीच. मग गरोदरपणातलं ग्रहण काय बिघडवणार?

व्यायामाने अस्थिबंध आवळत नाहीत, पण स्नायू त्यांचं काम अंगावर घ्यायला शिकतात. डेल उलरिक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आईबापांनी डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांना धरून घरीच छोट्या ट्रेडमिलवर चालवलं, रोज आठ मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस. ती बाळं ट्रेडमिल न वापरलेल्या तशाच बाळांपेक्षा सरासरी १०१ दिवस आधी चालली. आपल्याकडचा लाकडी पांगुळगाडाही मला आवडतो, कारण त्यात मूल स्वतःच्या पायांवर उभं राहतं. फक्त तो जड हवा आणि मागे कुणीतरी हवं. बसवून ढकलायचा प्लॅस्टिकचा वॉकर मात्र नको. कॅनडाने तो २००४ सालीच बंद केला.

फिजिओथेरपिस्टने सांगितल्यावर बहिणीने एका जुन्या लेगिन्सचे दोन्ही पाय आतून गुडघ्यापर्यंत एकमेकांना शिवले. ती घातली की पाय फाकत नाहीत आणि उठायला दुसरी वाट शोधावी लागते. पहिले तीन दिवस भाची चिडून रडली. काल रात्री बहिणीचा फोन आला, "दादा, आज कुशीवर वळली, मग गुडघ्यांवर आली. स्टूल धरून."