लँकॉटचे शिशाचे बाप्तिस्माकुंड

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यातील लँकॉट येथील सेंट जेम्स या ओसाड चर्चमधले बाराव्या शतकातील कुंड, म्हणजे बाप्तिस्मा या ख्रिस्ती दीक्षाविधीचे पाणी ठेवण्याचे पात्र. ते शिशाचे ओतीव असून सध्या ग्लॉस्टर कॅथीड्रलच्या (बिशपच्या मुख्य चर्चच्या) ‘लेडी चॅपल’मध्ये, म्हणजे मरियेच्या प्रार्थनाकक्षात, ठेवलेले आहे. एकाच साच्यातून घडलेल्या सहा कुंडांपैकी हे एक. बाकीची पाच फ्रॅम्प्टन-ऑन-सेव्हर्न, ऑक्सनहॉल, सँडहर्स्ट, सिस्टन आणि टिडनम या त्याच परगण्यातील गावांची.

लँकॉट हे वाय नदीच्या मोठ्या वळणात सापडलेले जमिनीचे टोक. तीन बाजूंनी पाणी, वर उंच कडे, आणि नदीपलीकडे वेल्स. या ठिकाणी नॉर्मन काळाच्या (१०६६ नंतरच्या) पुष्कळ आधी चर्च होते, असे वेल्समधील लँडाफ कॅथीड्रलच्या जुन्या दस्तऐवजांच्या संग्रहावरून दिसते. ते केविद या वेल्श संताचे असावे. पावसाचा संत म्हणून केविदची ख्याती होती. आज जे भग्न चर्च दिसते ते नॉर्मन घडणीचे, लहान आणि मनोरा नसलेले आहे. वस्ती शतकानुशतके घटत गेली, एकोणिसाव्या शतकात उपासना थांबली आणि नंतर छप्परही गेले. भिंती उभ्या आहेत. कुंड तेवढे जागा सोडून गेले.

मध्ययुगीन इंग्लंडमधली बहुसंख्य कुंडे दगडी आहेत. शिशाची जेमतेम तीसेक उरली आहेत. ती दक्षिण इंग्लंडमध्ये अधिक, आणि ग्लॉस्टरशरमध्ये त्यांची खास दाटी. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे त्याला लोखंडासारखी प्रखर भट्टी लागत नाही. कारागीर लाकडात कोरलेला नमुना वाळूत दाबून ठसा उमटवत, त्यावर शिशाचा रस ओतून नक्षीदार सपाट पत्रा तयार करत, मग तो वाकवून त्याचे नळकांडे करत आणि सांधा झाळून तळ बसवत. नमुना जपून ठेवला की तीच नक्षी पुन्हा काढता येई. सहा कुंडे सारखी दिसण्याचे कारण हेच. एकेक कुंड नव्याने कोरणाऱ्या पाथरवटाला अशी सोय नव्हती.

नक्षीत स्तंभ आणि अर्धवर्तुळाकार कमानींची ओळ आहे. एका कमानीखाली आसनावर बसलेला पुरुष, पुढच्या कमानीखाली वेलबुट्टी, असा क्रम फिरत जातो. पुरुषांच्या हातात ग्रंथ आहे आणि उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला आहे. ते ख्रिस्त की त्याचे प्रेषित (प्रमुख शिष्य), यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मूर्तींची संख्या फसवी आहे, कारण त्याच त्या नमुन्यांची आवृत्ती होते; प्रत्येक आकृतीला स्वतंत्र नाव शोधण्याचा खटाटोप त्यामुळे फारसा फळत नाही. कपड्यांच्या चुण्या आणि वेलींची वळणे जुन्या हस्तलिखितांतील चित्रांची आठवण करून देतात.

कुंडाचा आकार त्या काळच्या रीतीतून आला. तेव्हा मुलाच्या डोक्यावर नुसते पाणी ओतत नसत, तर तान्ह्या जिवाला पाण्यात बुडवून बाहेर काढत. म्हणून तोंड रुंद आणि पोट खोल. पाणी ईस्टरच्या आदल्या रात्री आणि पेंटेकॉस्ट या ईस्टरनंतरच्या सणाच्या आदल्या दिवशी विधिपूर्वक मंत्रून त्यात पवित्र तेल मिसळत, आणि ते बरेच दिवस कुंडातच राही. सच्छिद्र दगडातून ते झिरपू नये म्हणून दगडी कुंडांनाही आतून शिशाचे अस्तर देत. या पाण्यात जादूटोण्याला उपयोगी शक्ती आहे अशी लोकांची समजूत होती. म्हणून १२३६ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी कुंडाला झाकण घालून कुलूप लावावे असा नियम केला. अनेक जुन्या कुंडांच्या काठावर कडीकोयंड्याच्या खुणा अजून दिसतात.

शिशाच्या कुंडांना सगळ्यात मोठा धोका शिशाचाच होता. छप्पर, नळ आणि बंदुकीच्या गोळ्या या सर्वांसाठी ते हवे असे, आणि कुंड वितळवायला फार कष्ट पडत नसत. त्यात १६४५ मध्ये राजाविरुद्ध लढणाऱ्या प्युरिटन (कडव्या प्रॉटेस्टंट) संसदेने नवी उपासनापद्धती लागू केली. ‘पोपच्या काळातील’ कुंडांच्या जागी बाप्तिस्मा देऊ नये, असे त्यात बजावले होते. कित्येक गावांनी साधे भांडे वापरायला घेतले. १६६० मध्ये राजेशाही परतल्यावर कुंडे पुन्हा मानाच्या जागी आली. ग्लॉस्टरशरमधल्याच स्लिमब्रिजला शिशाचे कुंड आहे ते या नंतरच्या, सतराव्या शतकातले. म्हणजे ही परंपरा मध्ययुगाबरोबर संपली नव्हती.

चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमानुसार जिथे बाप्तिस्मा द्यायचा त्या प्रत्येक चर्चमध्ये झाकणासह कुंड असावे, ते शक्यतो मुख्य प्रवेशद्वाराजवळ असावे आणि त्यातले पात्र दुसऱ्या कशासाठीही वापरू नये. दाराजवळची जागा अर्थपूर्ण आहे: बाप्तिस्मा म्हणजे मंडळीत प्रवेश. पण गावच उठून गेले तर? आता यासाठी व्यवस्था आहे. १९६९ मध्ये ‘रिडंडंट चर्चेस फंड’ स्थापन झाला. त्याचेच आजचे नाव ‘चर्चेस कॉन्झर्वेशन ट्रस्ट’. त्याच्याकडे साडेतीनशेहून अधिक बंद पडलेली चर्च आहेत आणि बहुतेकांतली कुंडे मूळ जागीच आहेत. त्याआधी १९५७ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ फ्रेंडलेस चर्चेस’ ही खासगी संस्था निघाली होती. लँकॉट या सगळ्याच्या कितीतरी आधी रिकामे झाले, तेव्हा कुंड सुरक्षित ठेवायचे तर ते हलवणे भागच होते. वजन पेलता येईल तर शिशाचे भांडे उचलता येते. चौथऱ्यावर बसवलेला अखंड दगड हलवताना फुटण्याची भीती असते.

कॅथीड्रलमध्ये ते सुरक्षित आहे, आणि कोरड्या, बंदिस्त जागेत नक्षी जवळून पाहता येते. तरी तिथे एक विसंगती आहेच. ग्लॉस्टरचे हे चर्च मूळचे बेनेडिक्टाइन मठाचे, १५४१ मध्ये कॅथीड्रल झालेले. गावातल्या पोरांचा बाप्तिस्मा हे मठवासीयांचे काम नव्हते. खेड्यातले रोजच्या वापरातले भांडे तिथे शोभेची वस्तू होऊन बसते. कुंडाचे मूळ नाते समजून घ्यायचे तर लँकॉटला लागून असलेल्या टिडनमला जावे. तिथले जुळे कुंड अजून गावच्या चर्चमध्येच आहे.