हद्द कुणाची? पाकिस्तानातल्या शरियत कायद्यांची पार्श्वभूमी

पाकिस्तानात रमजानच्या पहिल्या दिवशी बँका ग्राहकांसाठी बंद असतात. कर्मचाऱ्यांना मात्र सुटी नसते, ते आत हिशेब करत बसलेले असतात. ज्या बचत खात्यात साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी शिल्लक असेल, त्यातून अडीच टक्के जकात परस्पर वळती होते. (आपल्याला जकात म्हटले की नाका आठवतो. शब्द तोच, अर्थ निराळा: ही धर्माने सक्तीचे केलेले दान.) त्यामुळे आदल्या काही दिवसांत लोक एकतर पैसे काढून घेतात, नाहीतर ‘सीझेड-५०’ नावाचे प्रतिज्ञापत्र बँकेत देऊन ठेवतात. आपल्या पंथाच्या फिक्हप्रमाणे (धर्मशास्त्रप्रमाणित कायद्याप्रमाणे) सरकारने जकात कापणे आपल्याला लागू नाही, असे त्यात लिहून द्यायचे असते.

या फॉर्ममागे एक आंदोलन आहे. जून १९८० मध्ये जनरल झिया-उल-हक यांनी जकातीचा वटहुकूम काढला. शियांचे म्हणणे होते की जकात द्यायची कुणाला हे आमचा फिक्ह ठरवतो, सरकार नाही. जुलैत हजारो शिया इस्लामाबादेत जमले, सचिवालयाला वेढा पडला आणि लष्करशहाला माघार घ्यावी लागली. शियांना सूट मिळाली. पुढे काही सुन्नीही तीच सूट मागू लागले आणि १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून त्यांनाही ती मिळाली.

शरियत लागू करावी की नाही, या वादात बहुतेक जण हो किंवा नाही एवढेच बोलतात. पण ‘कुणाची शरियत’ आणि ‘लागू कोण करणार’ हे प्रश्न त्याच्या आधीचे आहेत. पाकिस्तानने हा प्रयोग पुरा करून पाहिला आहे, म्हणून त्याची कहाणी नीट बघण्यासारखी आहे.

ती सुरू होते इंग्रजांपासून. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने ठरवले की लग्न, वारसा वगैरे बाबतींत मुसलमानांना कुराणाचा आणि हिंदूंना शास्त्रांचा कायदा लावायचा. तोवर काझी समोरचा माणूस आणि गाव बघून निवाडा करत असे. इंग्रज न्यायाधीशाला मात्र हातात पुस्तक हवे होते. फौजदारी बाजूला बंगालमध्ये इस्लामी कायदाच दुरुस्त्या करत करत चालवला गेला, तो १८६० च्या दंडसंहितेने संपवला.

बाकी देशात पुस्तकापेक्षा रूढीच मोठी होती. १८४७ मध्ये मुंबईत खोजा आणि मेमन समाजांतल्या मुलींच्या वारसाहक्काचे खटले सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे आले. कुराणात मुलीला वाटा आहे, रूढीत नाही. पेरींनी रूढीच्या बाजूने कौल दिला. ही स्थिती बदलायला १९३७ चा शरियत कायदा आला. त्याच्या चर्चेत मुंबईत वकिली केलेले, खोजा कुटुंबातले जिना होतेच. शेतजमीन मात्र त्यातून वगळली गेली. कागदोपत्री कारण असे की तो प्रांतांचा विषय आहे. पंजाबच्या जमीनदारांना ते सोयीचेच होते.

फाळणीनंतर जिनांनी ११ ऑगस्ट १९४७ च्या भाषणात धर्माचा राज्यकारभाराशी संबंध नाही, असे सांगितले. त्यांच्या मृत्यूनंतर सहाच महिन्यांत, मार्च १९४९ मध्ये, पंतप्रधान लियाकत अली खान यांनी उद्दिष्टांचा ठराव आणला. सार्वभौमत्व अल्लाचे आणि मुसलमानांना इस्लामप्रमाणे जगता येईल अशी व्यवस्था करणे राज्याचे काम, असे त्यात होते. पूर्व बंगालच्या हिंदू सदस्यांनी विरोध केला. ठराव मंजूर झाला.

१९५३ मध्ये लाहोरात अहमदियांविरुद्ध (स्वतःला मुसलमान म्हणवणारा, पण उलेमा म्हणजे धर्मपंडित ज्याला मुसलमान मानत नाहीत असा पंथ) दंगली उसळल्या, लष्कराला बोलवावे लागले. चौकशीला न्यायमूर्ती मुनीर आणि न्यायमूर्ती कयानी बसले. समोर आलेल्या प्रत्येक मोठ्या मौलवीला त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: मुसलमान कोणाला म्हणायचे? १९५४ च्या अहवालात त्यांनी नोंदवून ठेवले की कोणत्याही दोघांचे उत्तर जुळले नाही. हा अहवाल आजही वाचावा असा आहे. त्यात एक कोरडा, वकिली उपरोध आहे.

झियांच्या आधीच बरेच घडून गेले होते, हे सहसा विसरले जाते. १९७४ मध्ये अहमदियांना घटनादुरुस्ती करून गैरमुस्लिम ठरवले ते झुल्फिकार अली भुट्टोंच्या काळात. १९७७ च्या निवडणुकीनंतर ‘निजाम-ए-मुस्तफा’ची, म्हणजे पैगंबरांच्या व्यवस्थेची, घोषणा देत विरोधक रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांची हवा काढून घ्यायला भुट्टोंनीच दारू आणि जुगारावर बंदी घातली, साप्ताहिक सुटी रविवारवरून शुक्रवारवर नेली. तरी ५ जुलैला लष्कराने सत्ता घेतलीच.

झियांना निवडणूक टाळायची होती आणि राज्य करायला कारण हवे होते. १० फेब्रुवारी १९७९ ला, पैगंबर जयंतीचा मुहूर्त साधून, हुदूद वटहुकूम निघाले. चोरी, व्यभिचार, व्यभिचाराचा खोटा आळ आणि मद्यपान हे त्यांचे विषय. हुदूद हे ‘हद्द’चे अनेकवचन: अल्लाने आखलेली सीमा आणि ती ओलांडल्याची ठरलेली शिक्षा. आपण पोलीस ठाण्याची हद्द म्हणतो, तोच हा शब्द. आणि पाकिस्तानात या दोन हद्दी एकमेकींत मिसळल्या, तिथेच सगळा घोळ झाला.

जुन्या फिक्हमध्ये व्यभिचाराला दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा होती, पण पुराव्याची अटही तशीच होती. प्रत्यक्ष कृती डोळ्यांनी पाहिलेले चार सचोटीचे पुरुष साक्षीदार हवेत. तेवढे नसतील आणि कुणी बाईवर आळ घेतला, तर आळ घेणाऱ्यालाच फटके. म्हणजे शिक्षा भीतीपुरती ठेवायची आणि प्रकरण कोर्टापर्यंत येऊच द्यायचे नाही, अशी ती रचना होती. १९७९ च्या कायद्याने चार साक्षीदारांची अट ठेवली, पण खाली ‘ताझीर’चा, म्हणजे न्यायाधीशाने आपल्या अखत्यारीत द्यायच्या शिक्षेचा, दुसरा दरवाजा उघडला. हद्दीचा पुरावा नसला तरी साध्या पुराव्यावर कैद आणि फटके. शिवाय गुन्हा दखलपात्र. १८६० च्या संहितेत व्यभिचाराची तक्रार फक्त नवऱ्याला करता येत होती आणि आरोपी फक्त पुरुष होत असे. आता कुणीही उठून ठाण्यात जावे आणि फौजदाराने बाईला उचलून आणावे. काझीच्या जागी आता इंग्रजांनी बसवलेला ठाणेदार आला होता.

पहिला तडाखा घटस्फोटित बायकांना बसला. अयुब खान यांच्या १९६१ च्या कायद्याप्रमाणे तलाकची लेखी नोटीस युनियन कौन्सिलला (स्थानिक पंचायतीला) द्यावी लागते. नवरे तोंडी तलाक देऊन मोकळे व्हायचे, नोटीस द्यायचे नाहीत. बाईने दुसरे लग्न केले की पहिला नवरा ठाण्यात हजर: ही अजून माझी बायको आहे, हा व्यभिचार आहे. आपल्या पसंतीच्या पुरुषाशी लग्न केलेल्या मुलींविरुद्ध बापही हेच हत्यार वापरू लागले.

१९८३ मध्ये साहिवालचे प्रकरण गाजले. एका अंध मुलीवर ती जिथे काम करत होती त्या घरच्या मालकाने आणि त्याच्या मुलाने बलात्कार केल्याची तक्रार होती. पुराव्याअभावी पुरुष सुटले. मुलीचे गरोदरपण मात्र तिच्याविरुद्ध पुरावा धरला गेला आणि तिला तीन वर्षे कैद, पंधरा फटके, हजार रुपये दंड सुनावला. ओरड झाल्यावर फेडरल शरियत कोर्टाने, म्हणजे कायदे इस्लामशी जुळतात का हे तपासणाऱ्या न्यायालयाने, तिला सोडले. त्याच वर्षी १२ फेब्रुवारीला लाहोरच्या मॉल रोडवर बायकांनी साक्षीच्या प्रस्तावित कायद्याविरुद्ध मोर्चा काढला होता, त्यावर लाठ्या आणि अश्रुधूर पडला. तो दिवस आता पाकिस्तानात राष्ट्रीय महिला दिन आहे.

फेडरल शरियत कोर्टाची स्वतःची कथाही मासलेवाईक आहे. झियांनीच १९८० मध्ये ते स्थापले. १९८१ मध्ये त्याने निकाल दिला की दगडांनी मारणे ही कुराणातली शिक्षा नाही, सबब हद्द नाही. झियांनी खंडपीठ बदलले, त्यात उलेमा आणून बसवले आणि १९८२ मध्ये फेरविचारात निकाल फिरवून घेतला. अल्लाचा कायदा काय, हे शेवटी नेमणुकीच्या आदेशावर ठरले. कोर्टाच्या हुकमाने दगडांनी मारण्याची किंवा हात तोडण्याची शिक्षा तिथे एकदाही अमलात आली नाही. फटके मात्र मैदानात, गर्दीसमोर मारले गेले.

१९८८ मध्ये बहावलपूरजवळ विमान कोसळून झिया गेले, कायदे राहिले. रद्द करायची हिंमत बेनझीर भुट्टोंनाही झाली नाही, कारण एकदा ‘अल्लाचा कायदा’ अशी पाटी लागली की तो काढणारा इस्लामचा विरोधक ठरतो. २००६ मध्ये मुशर्रफ यांच्या काळात बलात्कार पुन्हा दंडसंहितेत आणला गेला आणि व्यभिचाराची तक्रार थेट सत्र न्यायाधीशाकडे करण्याची अट आली. ठाण्याचा हात निघाला आणि खटल्यांचा ओघच आटला. धार्मिक पक्षांनी आरडाओरडा केला, पण मूळ वटहुकूम रद्द झालेला नव्हताच.

व्याजाचे काय, हा प्रश्न याहून जुना. १९७३ च्या घटनेत रिबा, म्हणजे व्याज, ‘शक्य तितक्या लवकर’ संपवावा असे लिहिले होते. १९९१ मध्ये शरियत कोर्टाने बँकेचे व्याज बेकायदा ठरवले, १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले, २००२ मध्ये प्रकरण पुन्हा खाली पाठवले, तिथे ते वीस वर्षे पडून राहिले. २०२२ मध्ये पुन्हा तोच निकाल, पाच वर्षांची मुदत. ऑक्टोबर २०२४ च्या घटनादुरुस्तीत आता १ जानेवारी २०२८ ही तारीख घातली आहे. दरम्यान सरकार रोखे विकून व्याजाने कर्ज काढतेच आहे आणि बँका दर रमजानला त्याच बचत खात्यांतून जकात कापत आहेत, ज्यांवर वर्षभर नफा या नावाने पैसे जमा होतात.