छापून वापरायचे वर्गसाहित्य

प्राथमिक शाळेतील शिक्षक संगणकावरून छापून घेऊन वर्गात वापरतात असे एक-दोन पानी तयार साहित्य. स्वाध्यायपत्रिका म्हणजे वर्कशीट, चित्रकार्डे, शब्दपट्ट्या, बिंगोचे तक्ते, कापून जोडायच्या आकृत्या, तास संपताना भरून द्यायच्या चिठ्ठ्या हे सगळे त्यात येते. सर्वाधिक वापर स्वाध्यायपत्रिकेचा होतो. मात्र मुलांना बोलायला, उचलून ठेवायला, जुळवायला लावणारे प्रकार शिकण्याच्या दृष्टीने अनेकदा तिच्याहून सरस ठरतात.

वर्गापुरत्या प्रती काढण्याची गरज संगणकाच्या कितीतरी आधीची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जिलेटिनच्या थरावर शाईचा ठसा उमटवून त्यावरून काही डझन प्रती काढत. १८८१ च्या सुमारास डेव्हिड गेस्टेटनरने सायक्लोस्टाईलची पद्धत आणली आणि मेणकागदावर एकदा लिहिलेल्या मजकुराच्या शेकडो प्रती निघू लागल्या. १९२३ मध्ये जर्मनीत आलेल्या स्पिरिट डुप्लिकेटरच्या जांभळ्या, मद्यार्काचा वास येणाऱ्या पत्रिका अनेक देशांतील शाळांत पुढची कित्येक दशके वाटल्या गेल्या. १९५९ मध्ये झेरॉक्स ९१४ हे यंत्र आले तेव्हा मूळ पान वेगळे लिहून काढण्याचीही गरज उरली नाही. तरीही पान ज्या शिक्षकाने केले त्याच्याच शाळेत ते फिरत राही. १९९३ मध्ये पीडीएफ आल्यावर पानाची मांडणी न बिघडता ते दुसऱ्या संगणकावर छापता येऊ लागले, आणि इंटरनेटमुळे एका शिक्षकाचे काम अनोळखी शिक्षकाच्या हाती पडू लागले. २००६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘टीचर्स पे टीचर्स’ या संकेतस्थळाने शिक्षकांनीच केलेल्या अशा साहित्याची मोठी बाजारपेठ उभी केली.

देखणेपणा आणि उपयुक्तता यांची गल्लत या क्षेत्रात फार होते. पानाच्या कडेने फुलपाखरे, तीन प्रकारची अक्षरे, कोपऱ्यात हसरा सूर्य, आणि मुलाने करायचे काय तर ठिपके जोडून तोच शब्द दहादा गिरवायचा. पान पारखायची कसोटी साधी आहे : मजकूर न वाचता, विचार न करता ते पुरे करता येते का? सहा चित्रे आणि सहा शब्द यांच्या जोड्या लावताना पाच लागल्या की सहावी आपोआप लागते. तिथे सातवा, कोणाशीच न जुळणारा शब्द घातला की शेवटच्या जोडीपर्यंत वाचावेच लागते. चित्र ज्या रंगाचे त्याच रंगाची चौकट शब्दाला दिली, तर मूल रंग जुळवते आणि शिक्षकाला वाटते त्याला वाचता आले.

चांगली पत्रिका शिक्षकालाही काही सांगते. ५२ − ३७ या उदाहरणाचे उत्तर १५. ज्या मुलाने २५ लिहिले त्याने बहुधा एककस्थानी दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन वजा केले आहेत. म्हणून वजाबाकीच्या पत्रिकेत हातच्याची आणि बिनहातच्याची उदाहरणे मिसळून दिली, तर चुका कुठे दाटतात ते एका नजरेत दिसते. एकाच प्रकारची वीस उदाहरणे दिली तर समजलेल्या मुलाला ती कंटाळवाणी होतात आणि न समजलेले मूल तीच चूक वीसदा घोटते. पाच-सहा निवडक उदाहरणे आणि खाली ‘हे उत्तर कसे काढले ते चित्र काढून दाखव’ एवढी रिकामी जागा पुष्कळ झाली.

पानावर लिहायचेच असते असे नाही. दहाची चौकट, म्हणजे पाच-पाच घरांच्या दोन ओळी, छापून तिच्यावर बिया किंवा बटणे मांडायला दिली की सात म्हणजे पाच आणि दोन, आणि दहाला तीन कमी, हे मुलाला मोजल्यावाचून दिसू लागते. बिंगो म्हणजे पुकारलेला शब्द आपल्या तक्त्यात शोधून खोडायचा खेळ, त्यासाठी प्रत्येकाला वेगळा तक्ता लागतो. पण नऊ घरांच्या तक्त्यासाठी बारा शब्दांतून नऊ निवडायचे २२० प्रकार होतात, त्यामुळे रिकामा तक्ता देऊन मुलांनाच शब्द निवडून लिहायला सांगितले तरी भागते.

साखळीचे पत्ते हा तर संपूर्ण वर्गाला एकमेकांचे ऐकायला लावणारा खेळ. प्रत्येक पत्त्यावर वर एक उत्तर आणि खाली पुढचा प्रश्न असतो. ‘माझ्याकडे १८ आहे, सात पंचे कोणाकडे?’ असे एकाने वाचले की ३५ वाला उठतो, आणि शेवटच्या पत्त्यावरचा प्रश्न पहिल्या पत्त्याशी येऊन मिळतो. पत्ते तयार करताना कोणतेही उत्तर दोनदा येणार नाही हे पाहावेच लागते. सहा चोक आणि आठ त्रिक दोन्ही घातले तर २४ दोघांकडे येते. चुकीचा आधी उठला की मधले पत्ते वगळून साखळी लवकर बंद होते आणि काही मुले हातात पत्ता धरून नुसती बसून राहतात.

छपाईच्या तांत्रिक बाबी किरकोळ वाटतात, पण तास तिथेच बिघडतो. पडद्यावरचे फिके निळे-पिवळे रंग झेरॉक्समध्ये पार उडतात, म्हणून आकृत्या जाड काळ्या रेघांत असाव्यात. पत्त्यांना साधा कागद चालत नाही, मागून चित्र दिसते. कार्डशीट घ्यावे, आणि पत्ते वर्षभर टिकायचे असतील तर लॅमिनेशन करावे. आधी कापून मग लॅमिनेट करताना भोवती कडा सोडावी, नाहीतर ओल शिरून थर सुटतात. मोजपट्टीचे पान छापताना मात्र सर्वाधिक दक्षता हवी. लेटर या अमेरिकी कागदाच्या आकाराची उंची २७९ मिमी, ए-फोरची २९७. ए-फोरचे पान ‘कागदात बसवा’ म्हणून लेटरवर छापले तर ते सुमारे ९४ टक्के होते आणि दहा सेंटिमीटरची पट्टी साडेनऊच्याही आत येते. मूळ आकारातच छापावे, आणि पानाच्या कोपऱ्यात नेमकी दहा सेंटिमीटरची रेघ असावी, म्हणजे पट्टी लावून खात्री करता येते. जोडाक्षरांच्या लिप्यांत पीडीएफमध्ये फाँट अंतर्भूत केलेला नसेल तर दुसऱ्या संगणकावर अक्षरे फुटतात.

हक्कांचा प्रश्न याला जोडूनच येतो. फुकट उतरवता येणारे पान मुक्त असतेच असे नाही. विकत घेतलेल्या पानाचा परवाना बहुधा एका शिक्षकापुरता असतो. ते पान इतर शिक्षकांच्या गटावर टाकता येत नाही. २००२ मध्ये निर्मात्याने आपले काम इतरांना वापरू देण्यासाठीचे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आले. त्यांपैकी काहींत निर्मात्याचे नाव देऊन बदल करण्याची आणि बदललेले पान पुन्हा वाटण्याची मुभा असते. प्राथमिक शिक्षकाला खरी गरज याच मुभेची असते, कारण तयार पान आपल्या वर्गातल्या मुलांना क्वचितच जसेच्या तसे बसते : कुठे सूचना त्यांच्या बोलीत लिहावी लागते, कुठे अक्षर मोठे करावे लागते, कुठे दोन प्रश्न गाळावे लागतात.