सर फळ्यापाशी अडतात तेव्हा

वर्तुळावर दोन टिंबं घेऊन जोडली की आत दोन भाग होतात. तीन टिंबं घेऊन सगळी एकमेकांना जोडली की चार, मग आठ, मग सोळा. सहा टिंबांना किती? अख्खा वर्ग ३२ म्हणणार, आणि ऐनवेळी विचारलं तर सरही बहुतेक तेच म्हणणार. पण मोजले तर ३१ भरतात, आणि टिंबं अगदी सारख्या अंतरावर घेतली असतील तर चक्क ३०! म्हणजे सरांच्या तोंडी ३२, फळ्यावर ३० आणि मागच्या बाकावरच्या मुलीच्या वहीत ३१.

आता 'हे सिलॅबसमध्ये नाहीये' म्हणून डस्टर फिरवता येतो, किंवा 'माझा अंदाज चुकला, का चुकला ते मलाही आत्ता कळत नाहीये, चला शोधूया' असं म्हणता येतं. दुसरा रस्ता धरला तर हळूहळू कुणाच्या तरी लक्षात येतं की प्रत्येक रेषेमुळे एक भाग वाढतो आणि रेषा आत जिथे एकमेकींना छेदतात तिथे अजून एक वाढतो, म्हणजे सुरुवातीचा १, रेषा १५, छेद १५, झाले ३१. सारख्या अंतराच्या आकृतीत मधल्या तीन रेषा एकाच बिंदूतून जातात म्हणून एक भाग गायब होतो. पहिल्या झटक्यात बरोबर उत्तर आलं असतं तर हे कुणी शोधलंच नसतं.

अमेरिकेतले गणित-शिक्षणाचे संशोधक अॅलन शोनफेल्ड यांनी १९८० च्या दशकात शाळकरी मुलांना विचारलं होतं की एखादं गणित सुटणारच नाही असं कळायला किती वेळ द्यावा. सरासरी उत्तर आलं साधारण १२ मिनिटं. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं, पण मुलांचा यात काय दोष, त्यांनी गणित कायम आधीच सोडवून आणलेलं बघितलेलं असतं! शोनफेल्ड यांनीच अनोळखी गणितं सोडवणाऱ्यांचं रेकॉर्डिंग केलं तेव्हा दिसलं की विद्यार्थी वाचलं की लगेच एक रस्ता पकडतात आणि तोच रेटत राहतात, आणि मुरलेला गणितज्ञ मात्र बराच वेळ नुसतं समजून घेण्यात घालवतो, एक वाट धरतो, सोडतो, परत विचार करतो. हे सगळं डोक्यात चालतं, त्यामुळे सरांनी ते मोठ्याने बोलून दाखवलं तरच मुलांपर्यंत पोचतं.

तयारी न करता रोज अडणं वेगळं, त्याला नम्रपणा म्हणत नाहीत. आणि अडल्याचं नाटकही नको, मुलं लगेच ओळखतात.

२०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग आला होता, साधारण सव्वा वर्षाच्या बाळांवरचा. मोठ्या माणसाला खटपट करून एखादी गोष्ट जमवताना ज्यांनी पाहिलं, ती बाळं स्वतःच्या अवघड खेळण्याचं बटण जास्त वेळा दाबत राहिली. त्यात मोठ्या माणसाला शेवटी जमलं होतं हेही महत्त्वाचं, म्हणून अडलेलं गणित तसंच सोडून पुढचा धडा घेऊ नये, दोन दिवस लागले तरी चालेल पण ते सुटताना वर्गासमोरच सुटू द्यावं.